हरलेल्यांचं फाटक

फायनलच्या दिवशी रामटेके काकांच्या घरी फोडणी घालत नसत. हा नियम काकूंचा. मोहरी तडतडली की काकांच्या पोटात ढवळायला लागे, म्हणून त्या दिवशी घरात नुसतं पातळ वरण आणि भात. काका त्यातलं वरण तेवढं वाटीला तोंड लावून उभ्या उभ्या प्यायचे आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागायचे. मध्येच संडासात जायचे, बाहेर येऊन हात धुवायचे, पुन्हा जायचे. "मॅच यांची, अन् पोट माह्यं दुखते," असं काकू दारात उभ्या राहून सगळ्या गल्लीला ऐकवायच्या.

एवढ्यावरून कोणाला वाटेल, काका मोठे खेळाडू असतील. नाही. ते फुटबॉलचे रेफरी होते. दोन्हीकडचे लोक ज्याच्या नावाने शिव्या देतात, तो काळ्या कपड्यातला माणूस. "खेळाडूचं नाव लोक पोराले ठेवते, रेफरीचं नाव कोणी कुत्र्यालेबी ठेवत नाही," हे त्यांचंच वाक्य. ते सांगताना ते हसायचेही नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याची पंचाईत व्हायची.

माझी त्यांची ओळख ऑफिसातली. मी नरखेडकडची, संत्र्यांच्या बागांमधली. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाळेच्या कपाटात हवा गेलेली एक वस्तू असायची. नोकरी लागून नागपूरला आले, तर पाण्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसवलं, आणि शेजारच्या खुर्चीवर हे. पहिल्याच उन्हाळ्यात एक गृहस्थ रिकामी बादली घेऊन आले आणि ती खिडकीच्या गजांवर आपटत आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागले. मी खुर्ची मागे सरकवली. काका उठले, हात पाठीमागे बांधले, हनुवटी थोडी वर केली आणि सगळं ऐकून घेतलं. गृहस्थ शेवटी दमले. मग काका म्हणाले, "झालं बोलून? आता पत्ता सांगा." त्या माणसाने निमूट पत्ता सांगितला आणि जाताना आमच्याच माठातलं पाणी पिऊन गेला.

तुम्हाला राग कसा येत नाही, असं मी नंतर विचारलं. "मॅडम, हा त एकटा होता," काका म्हणाले. "रविवारी हजार राह्यते."

त्यांनीच मला सक्करदऱ्याला त्यांच्या वस्तीत खोली पाहून दिली. तळ्याच्या मागच्या अंगाला असलेली ही वस्ती, तिला सगळे तळेपार म्हणतात. तिथे राहायला गेल्यावर मला कळलं की या वस्तीत काकांना विचारल्याशिवाय भांडणसुद्धा धड होत नाही. कॅरममध्ये राणी कोणाची, नळावर बादली आधी कोणी लावली, कोणाच्या गाडीने कोणाच्या कुंडीला धक्का दिला, काहीही असो. पोट्टे लांबूनच ओरडायचे, "काका, तुमीच सांगा!" काका सायकलवरून उतरायचे, दोन्हीकडचं ऐकायचे आणि निकाल द्यायचे. पण त्यांची एक अट असायची. जे स्वतः पाहिलं तेवढंच ते सांगत. पाहिलं नसेल तर "मले दिसलं नाही" म्हणून सायकलवर बसून सरळ चालू पडत. मग त्या दोघांनी एकमेकांची डोकी फोडली तरी चालेल. मला आधी हा हटवादीपणा वाटायचा. निदान तोडगा तरी काढा, असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, "दिसल्याशिवाय शिट्टी मारली त मंग माह्यावर कोण भरोसा ठेवन?"

मॅच जवळ आली की मात्र हा माणूस ओळखू यायचा नाही. शिट्टी बरोबर वाजते की नाही हे ते न्हाणीघरात कोंडून घेऊन तपासायचे, जणू तिथून आवाज बाहेर जातच नाही. गल्लीतली कुत्री भुंकायला लागत. एक शिट्टी हातात, दुसरी मोज्यात, ही त्यांची पद्धत. मैदानावर बॉल हातात घेतला की दोन्ही अंगठ्यांनी तो दाबून पाहायचे, पुन्हा फिरवून दाबायचे. ही सवय इतकी हाडीमासी भिनली होती की बाजारात टरबूजही ते तसंच दाबायचे आणि फळवाल्याच्या शिव्या खायचे.

आणि चहा बंद. ज्या संघांची मॅच आहे त्यांच्यातल्या कोणाच्याही, कोणाच्या मामाच्या, कोणाच्या साल्याच्या घरचा चहा ते प्यायचे नाहीत. पारशिवनीच्या एका संघाची मॅच होती, तेव्हा काकूंच्या चुलतबहिणीच्या मुलाचं बारसं त्याच गावात निघालं. काका गेले नाहीत. काकू एकट्या एसटीने गेल्या आणि परत आल्यावर आठवडाभर त्यांनीच काकांना चहा दिला नाही.

मॅच जिथे व्हायची ते शहरातलं जुनं दगडी स्टेडियम मला काकांनी एकदा ऑफिस सुटल्यावर दाखवलं होतं. इंग्रजांच्या वेळचं. काळ्या दगडाच्या झिजलेल्या पायऱ्या, सांध्यांमध्ये उगवलेली पिंपळाची रोपं, एक फाटक उगवतीला आणि एक मावळतीला. मिलचे संघ इथे खेळायचे तेव्हा भोंगा झाला की कामगार हातात डबा घेऊन तडक या पायऱ्यांवर येऊन बसत म्हणे. एका संघाची माणसं उगवतीला बसणार, दुसऱ्याची मावळतीला, आणि ज्याने त्याने आपापल्या फाटकातून जायचं, ही तेव्हापासूनची वहिवाट.

"अन् रेफरी?" मी विचारलं.

"रेफरी हरलेल्याइच्या फाटकातून," काका म्हणाले.

मला वाटलं, गंमत करताहेत. पण तशी चालच होती. फायनल संपली की जिंकलेल्यांना कप मिळायचा आणि हरलेल्यांना त्या मॅचचा बॉल. तो बॉल रेफरीने स्वतः काखेत घेऊन हरलेल्यांच्या फाटकावर न्यायचा, त्यांच्या कॅप्टनच्या हातात द्यायचा आणि त्याच गर्दीतून चालत घरी जायचं. मिलच्या काळातल्या कुठल्याशा रेफरीने हे सुरू केलं. लोक खवळलेले होते म्हणून त्याला मागच्या दाराने काढायला निघाले, तर तो म्हणाला, मी मागून गेलो तर यांना वाटेल मी काही चोरून चाललो. आता पोलीस मागच्या बाजूला जीप लावतात आणि नवे रेफरी तिच्यातून जातात. काका मात्र कायम त्या फाटकातूनच निघत आलेले. एकदा सदऱ्याची बाही फाटून आले होते, एकदा कोणीतरी पाण्याची पिशवी फेकून भिजवलेलं. काकूंना सगळं सायकलवरून समजायचं. सायकल स्टँडवर नीट लावली तर मॅच बरी गेली. भिंतीला टेकवली तर काही विचारायचं नाही.

मावळतीच्या फाटकाचा एक गज वाकलेला आहे. त्याच्यावर हात ठेवून काका म्हणाले, "इथून निंगताना माह्ये पाय लटलट कापते, मॅडम. दरवेळी. कोणाले सांगू नका." मी त्यांच्या इतक्या मॅचेसबद्दल ऐकलं होतं, पण हे ऐकलं नव्हतं. मलाच तिथे उभं राहावेना, चला म्हटलं, बस चुकेल.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी आमचा तळेपार क्लब फायनलला पोचला. वस्तीत कित्येक वर्षांनी हे घडलं होतं. घराघरावर हिरव्या पताका लागल्या. कॅप्टन होता सोनू, आमच्या भाजीवाल्या सुशीलाबाईंचा मुलगा, बचावाला खेळणारा उंच, अबोल पोरगा. समोर टेकडी क्लब. काका आपल्या वस्तीच्या मॅचेस कधीच घेत नसत, त्यामुळे या वेळी ते घरी बसून वरणभात सोडून दुसरं काही जेवतील, अशी काकूंना आशा होती. पण फायनलला आठवडा असताना नेमलेला रेफरी तापाने अंथरुणाला खिळला. दुसरा कोणी त्या तोलाचा मिळेना. आयोजक दोन्ही क्लबांची माणसं घेऊन काकांच्या अंगणात आले. काका नाही म्हणाले. टेकडीचे म्हातारे कोच खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "रामटेके असन त आमाले चालते. लिहून पाह्यजे का?" तरी काका नाहीच म्हणाले. मग सोनू, जो कधी बोलत नाही, तो बोलला. "काका, तुमी असले त आमी जिंकल्यावर कोणी म्हननार नाही का लफडा करून जिंकले."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर दुसरीकडे वळवली. त्यांना कळून चुकलं होतं.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. आता सगळी वस्तीच एका संघाची, म्हणजे सगळ्यांचाच चहा बंद. काका गल्लीतून मान खाली घालून जायचे. दाढी दुसऱ्या मोहल्ल्यात करून आले. सुशीलाबाईंकडची भाजी बंद करून ते लांबच्या बाजारातून वांगी घेऊन आले, ती पिशवी सुशीलाबाईंनी पाहिली. "काहून गा भाऊ, माह्ये वांगे किडके हायेत का?" त्यांनी भर रस्त्यात विचारलं. काका घरात शिरले. शेवटी काकूंनी बाहेर येऊन समजूत घातली. ऑफिसातही खिडकीवर लोक ओरडत राहायचे आणि "झालं बोलून?" हे विचारायचं काका विसरून जायचे. एकदा माझ्याकडे वळून अचानक म्हणाले, "चूक झाली त?" मी म्हटलं, नाही होणार. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं होतं असं वाटलं नाही.

फायनलच्या दिवशी काकूंनी नवीच गोष्ट काढली. लग्न झाल्यापासून त्या कधी स्टेडियमवर गेल्या नव्हत्या. त्या दिवशी पातळ नेसून तयार झाल्या. "आज मी येऊन राहिली. घरी बसून जीव जाते माह्या. मॅडम, तुमी चला संगं." निघताना त्यांनी काकांचा चष्मा पर्समध्ये टाकला. काकांना लांबचं लख्ख दिसायचं, जवळचं वाचायला तेवढा चष्मा लागायचा. मैदानावर फुटेल म्हणून ते तो नेत नसत.

आम्ही दोघी मावळतीच्या पायऱ्यांवर, तळेपारच्या गर्दीत बसलो. दगड उन्हाने तापलेला. काकूंनी खाली रुमाल घातला, पण त्या धड टेकल्याच नाहीत. आमच्या मागेच आकाश नावाचा ढोलवाला पोरगा होता, गळ्यात ढोल आणि हातात मोबाइल. तो प्रत्येक गोष्टीचं शूटिंग करत होता. काका मैदानात आले, बॉल दोन्ही अंगठ्यांनी दाबला, आणि आमच्या बाजूने ओरडा झाला, "आपले काका!" काकांच्या मानेत एकदम ताठरपणा आला. मला तो ओरडा अजिबात आवडला नाही. मनात आलं, ही पोरं आता काकांना अडचणीत आणणार.

मॅच कशी झाली ते मला विचारू नका. लोक बॉल पाहत होते. काकू काकांचे पाय पाहत होत्या, आणि मी काकूंचा चेहरा. काका पळाले की काकूंच्या मुठी वळायच्या, थांबले की सुटायच्या. मध्यंतरापर्यंत गोल नाही, नंतरही नाही. पाण्याची पिशवी मी दातांनी फोडून काकूंना दिली, त्यांनी ती हातातच धरून ठेवली. मॅच संपत आली होती. लोक बसायचे विसरून उभे होते.

टेकडीच्या पोराने गोलवर जोरात बॉल मारला. सोनूने मध्ये उडी घेतली. बॉल त्याच्या अंगावर आपटून बाहेर गेला. आमच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या आणि त्या टाळ्यांवरच शिट्टी वाजली. काकांचा हात पेनल्टीच्या जागेकडे गेला होता. बॉल सोनूच्या हाताला लागला, असा त्यांचा निकाल.

सोनू दोन्ही हात पसरून काकांकडे पळाला, छाती दाखवत होता. काकांनी मान हलवली. टेकडीने गोल केला, थोड्याच वेळात मॅच संपली, आणि मग आमच्या पायऱ्यांवरून जो आवाज उठला तो मी नरखेडात काय, नागपुरातही कधी ऐकला नव्हता. "आपले काका" म्हणणारीच तोंडं होती. काय काय म्हणत होती ते इथे लिहिता यायचं नाही. काकू बसून होत्या. त्यांच्या हातातली पाण्याची पिशवी सांडून पातळ भिजलं होतं, ते त्यांना कळलंही नव्हतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "आता ते इकडूनच येईन."

मावळतीचं फाटक. आमचंच. मी त्यांना म्हटलं, आज पोलीस सोडणार नाहीत, जीपने नेतील. मला मनापासून तसं वाटत होतं, खरं म्हणजे मी तशी प्रार्थनाच करत होते. लांबून दिसलं की एक इन्स्पेक्टर काकांच्या खांद्यावर हात ठेवून मागच्या दाराकडे बोट दाखवतोय. काकांनी त्याला हात जोडले. मग वाकून बॉल उचलला, काखेत घेतला आणि आमच्या दिशेने चालायला लागले.

फाटकावर सगळी वस्ती दाटली होती. आम्ही दोघी भिंतीशी चेपल्या गेलो. काका वाकलेल्या गजापाशी आले, तेव्हा गर्दी मागे हटली नाही आणि पुढेही सरकली नाही. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते आणि ते खरंच कापत होते. आकाश पुढे घुसला. मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरून ओरडला, "हे पाहा! पाहा न! हात कुठं हाय?"

काकांनी मान मागे घेतली, डोळे बारीक केले. "मले जवळचं दिसत नाही गा."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. सगळीकडून हशा आणि शिव्या एकदम. "आंधळा!" "चष्म्यावाल्याले शिट्टी दिली!" कोणीतरी फाटकावर लाथ मारली. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून काकू निघाल्या. त्या ठेंगण्या बाईने कशी वाट काढली देव जाणे. कोणाला कोपर मारलं, कोणाला "सरक न वं" म्हणून ढकललं, आणि काकांसमोर उभं राहून पर्समधून चष्मा काढला. पदराने पुसला. त्यांच्या हातात दिला.

काकांनी चष्मा लावला. मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. शेवटपर्यंत पाहिलं. "पुन्हा लाव," आकाशला म्हणाले. त्याने लावलं. पुन्हा पाहिलं. एव्हाना आरडाओरडा थोडा खाली आला होता, कारण ते काय म्हणतात ते सगळ्यांना ऐकायचं होतं. त्यांनी काही म्हणू नये असंच मला वाटत होतं. वाद घालावा, नियम सांगावा, नाही तर सरळ चालू पडावं. फक्त जीव वाचवावा.

"छातीले लागला," काका म्हणाले. "हात नाही. माह्यं चुकलं."

एवढंच. आवाज चढवला नाही की पाडला नाही. मोबाइल आकाशला परत दिला. मला वाटलं, आता हे लोक तुटून पडणार. पण कोणी हात उचलला नाही. ते भांडायच्या तयारीने आले होते आणि समोरच्याने भांडणच ठेवलं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ रडायला लागले. सुशीलाबाई म्हणाल्या, "आता सांगून काय होते?" आणि ते अगदी खरं होतं.

सोनू पुढे उभा होता. काकांनी काखेतला बॉल दोन्ही हातांनी त्याच्यापुढे केला. सोनूने बॉलकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. तोंड फिरवून तो गर्दीतून निघून गेला, आणि त्याच्यामागे सगळा संघ. त्या स्टेडियमवर हरलेल्या कॅप्टनने बॉल घेतला नाही, असं त्याआधी झालं नव्हतं म्हणतात. काकांनी बॉल पुन्हा काखेत घेतला. मग आम्ही तिघं चालत घरी आलो. काका सायकल ढकलत होते, बॉल कॅरियरला लावला होता. घरी पोचल्यावर त्यांनी सायकल स्टँडवर नीट लावली. काकू ते पाहून पदराने डोळे पुसायला लागल्या.

त्यानंतर काकांनी शिट्टी सोडली. कोणी सोडायला सांगितलं नव्हतं. आणि वस्तीने काकांना सोडलं. मारहाण नाही, बहिष्कार नाही, तसं काहीच नाही. फक्त कोणी "काका, तुमीच सांगा" म्हणेना. कॅरमवर भांडण पेटलेलं असायचं, काका बाजूने सायकल नेत असायचे, आणि ते जाईपर्यंत भांडण थांबायचं. ते वळणावर गेले की पुन्हा सुरू. मला ते पाहून इतका संताप यायचा की एकदा मी थांबून त्या पोट्ट्यांना चार शब्द सुनावले. काकांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात मलाच झापलं. "त्याइचं नुसकान झालं मॅडम, तुमचं नाही. त्याइले वेळ लागन."

बॉल त्यांच्या घरात लोखंडी पेटीवर असायचा. काका त्याला महिन्या-दोन महिन्यांनी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे घेऊन जायचे आणि हवा भरून आणायचे. काकूंना ते आवडायचं नाही. "कायले भरून ठेवून राहिले? कोण खेळते त्याच्यानं?" त्या विचारायच्या. "तो माह्या नाही," एवढंच काका सांगायचे. "ज्याचा हाय त्याले भरून द्या लागन."

पुढच्या वर्षीच्या फायनलला तळेपार नव्हतं, सेमीफायनललाच हरलं होतं. पण वस्तीतले लोक फायनल बघायला जातातच. माझ्या बदलीचा हुकूम आला होता, म्हणून मीही म्हटलं, जाऊन येऊ. काका आदल्या दिवशी मला म्हणाले की तेही येणार, तिकीट काढून. त्या पायऱ्यांवर त्यांना कोणी काही बोललं तर? काकूंनी त्या दिवशीही फोडणी घातली नाही. सवयीने असेल, की त्यांच्याच पोटात ढवळत होतं, कोण जाणे.

काका पांढरा सदरा घालून आले, हातात कापडी थैली. मावळतीच्या पायऱ्यांवर बसले. त्यांच्या एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला लोकांनी जागा सोडली. गर्दी इतकी की पोरं भिंतीवर चढली होती, पण ती एका माणसाची जागा तशीच मोकळी. काका समोर बघत होते आणि थैली दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट धरून होते. मी मैदानाकडे पाहायचं नाटक करत होते. मागे वरच्या पायरीवर सोनू आणि त्याचे मित्र बसले आहेत, हे मला दिसलं होतं. काकांना दिसलं होतं की नाही माहीत नाही.

मध्यंतरानंतर गोलसमोर धक्काबुक्की झाली, बॉल कोणाच्या तरी अंगाला लागला आणि तरण्या रेफरीने शिट्टी मारली. पेनल्टी. दोन्हीकडून कल्लोळ. आमच्या पायरीवरचे सगळे एकदम उभे राहिले, हात वर करून ओरडायला लागले. आणि मग काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. एकाने मागे वळून पाहिलं. मग त्याच्या शेजारच्याने. हळूहळू त्या सगळ्या रांगेच्या माना आमच्याकडे वळल्या. वरून कोणीतरी विचारलं, "काका, हात होता का?"

तो सोनूचा आवाज होता.

काका वळले नाहीत. "मले दिसलं नाही," ते म्हणाले. मग मैदानावरच्या त्या रेफरी पोराकडे, ज्याला आता दोन्ही संघांनी घेरलं होतं, बघत राहिले. "त्याले दिसलं असन. तो जवळ होता."

रांग पुन्हा समोर वळली. कोणी वाद घातला नाही. सोनू पायऱ्या उतरून खाली आला आणि त्या मोकळ्या जागेत बसला. दोघंही समोर बघत होते. पेनल्टी झाली, गोल झाला, लोक नाचले, ते दोघं तसेच. मग सोनूने थैलीकडे हनुवटीने खूण केली. "आणला हाय का?"

काकांनी थैली उघडली आणि बॉल त्याच्या मांडीवर ठेवला. सोनूने तो उचलला, दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिला, फिरवून पुन्हा दाबला. बॉल टणक होता.

"हवा बरोबर हाय," तो म्हणाला.

मॅच संपल्यावर गर्दी उठली आणि मी मागे पडले. मला ते दोघं दिसले ते मावळतीच्या फाटकापाशी. सोनूच्या काखेत बॉल होता. वाकलेल्या गजापाशी काका थोडे थबकले, दरवेळेसारखे, आणि सोनूने मागे न पाहता मोकळा हात मागे केला. काकांनी तो धरला आणि ते बाहेर पडले.